काळदऱ्याच्या केंद्रावरचा उन्हाळा

पंचशीला सोनकांबळे उदगीरच्या मोंढ्यात वाढली म्हटलं तरी चालेल. तिचे वडील ग्यानोबा तिथे हमाल होते. शाळा सुटली की ती त्यांची भाकरी घेऊन जायची आणि ते पोती वाहत असताना थप्पीच्या सावलीत बसून ज्वारीतले किडे बघत राहायची. सोंड्या दाण्याला भोक कुठून पाडतो, अळी आत काय करते, पाखरू बाहेर कधी पडतं. एकदा तिने काडेपेटीत भरून ते किडे वर्गात नेले. विज्ञानाच्या मास्तरांनी आधी छडी मारली, मग काडेपेटी उघडून बघितली आणि कपाटातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं.

आई ती लहान असतानाच गेली होती. ग्यानोबांनी दुसरं लग्न केलं नाही. पोरगी म्हणेल तिथवर तिला शिकवायचं, एवढा एकच हट्ट त्या माणसाने आयुष्यात धरला.

पुढे मी आणि ती उदगीरच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून बरीच वर्षं एकत्र होतो. काळदऱ्याची गोष्ट तिने मला सलग अशी कधी सांगितली नाही. कधी पेपर तपासताना, कधी एस.टी.त, एकदा मी आजारी होते तेव्हा उशाशी बसून. मी ती लावून सांगते आहे.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला ती नांदेडला गेली, ते सगळे दिवस दुष्काळाचेच होते. लागोपाठ पावसाळे कोरडे गेले होते. आमचा उदगीर तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आला त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. आता सगळं जवळ आलं, कामं लवकर होतील, असं लोक म्हणायचे. कामं होती ती खडी फोडायची आणि मातीचे बांध घालायची.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाअखेर फील्ड कोर्स असायचा. एरवी मुलं सकाळी विष्णुपुरीच्या धरणावर जाऊन संध्याकाळी परत यायची. त्या वर्षी प्रा. रेणुकादास कौठेकरांनी सगळ्यांना काळदऱ्याला न्यायचं ठरवलं. काळदरा म्हणजे जळकोटच्याही पलीकडे, डोंगरातलं एक गाव. तिथल्या तलावावर कौठेकर सरांनी स्वतः खटपट करून एक छोटं संशोधन केंद्र उभं केलं होतं. दोन खोल्या, एक प्रयोगशाळा, पुढे पत्र्याखालचा ओटा. ते त्यांचं आयुष्याचं काम होतं.

"आटत चाललेला तलाव दर वर्षी बघायला मिळत नाही," सर वर्गात म्हणाले. "पाणी जातं तेव्हा त्यातला प्रत्येक जीव काय करतो, हे पुस्तकात नाही. ते तिथे राहूनच बघावं लागतं."

ग्यानोबांनी विचारलं, "काय शिकवतेत गं तिथं?"

"तळ्यातली जित्राबं बघायची, बाबा. पाणी आटल्यावर ती कशी जगतात ते."

"त्याला इतक्या लांब कामून जाती? आपल्या गल्लीत बघ की," ग्यानोबा म्हणाले आणि हसले. पण तिची वळकटी त्यांनीच स्टँडवर नेऊन एस.टी.च्या टपावर चढवली.

जळकोटपर्यंत एस.टी., तिथून पुढे जीप. रस्त्याने एकही झाड हिरवं नव्हतं. माळावर गुरांचे सापळे पडलेले, त्यांच्याकडे आता कावळेही फिरकत नव्हते. केंद्र टेकाडावर होतं आणि तिथून खाली तलाव दिसायचा. तलाव कसला, फुटलेल्या गाळाचं मैदान, आणि मधोमध शेवाळी रंगाचा एक डोह. अलीकडचा काठ लातूर जिल्ह्यात, पलीकडचा नांदेडात. डोहाभोवती बगळे, करकोचे, ढोकऱ्या इतक्या दाटीने उभ्या होत्या की एखाद्याला वाटावं, किती समृद्ध जागा आहे. मासे मरायला लागले होते म्हणून ते सगळे तिथे जमले होते.

मुलींमध्ये पंचशीला आणि विनीता अशा दोघीच. विनीता नांदेडच्या एका वकिलाची मुलगी. बोलकी, मोकळी, मनाने चांगली. दोघींना एक खोली मिळाली. विनीताने पहिल्याच दिवशी आपला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि दोघी एका ताटात जेवल्या. पंचशीलाला त्याचं फार वाटलं. तिच्या आयुष्यात हे रोज घडत नव्हतं.

दिवस पहाटेच सुरू व्हायचा. ऊन चढायच्या आत डोहावर जायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, गाळ चाळायचा, मेलेले मासे जातीप्रमाणे वेगळे करायचे. दुपारी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर बसायचं. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. पंचशीला मला म्हणाली होती, "तुला खोटं वाटेल, पण ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते." गोगलगाय कवचाचं झाकण घट्ट मिटून गाळात बसलेली असायची. महिनोन्‌महिने. कोमट पाण्यात ठेवली की झाकण हळूच किलकिलं व्हायचं. पंचशीला तासन्‌तास त्या बशीवर वाकून बसायची.

एकदा सरांनी गाळ खणायला लावला. वरची पापडी कोरडी ठक्क, खाली हातभर ओल. त्या ओलीत मरळ मासा वेटोळं करून पडला होता. सगळ्यांना तो मेलेलाच वाटला. पंचशीलाने तो ओंजळीत घेतला तर त्याने तोंड उघडून हवा घेतली. ती दचकली आणि हसली. नंतर तिने त्याचं चित्र काढलं. सरांनी ते चित्र बराच वेळ बघितलं.

"कुठे शिकलीस हे?"

"शिकले नाही, सर. किड्यांची काढायचे लहानपणी."

"एम.एस्सी. झालं की माझ्याकडे पीएच.डी.ला ये," सर म्हणाले. "या मरळीवरच काम कर. केंद्र तुझंच समज."

कौठेकर सर वाईट नव्हते, हे पंचशीला नेहमी सांगायची. त्या काळी त्यांच्या जागी बसलेला दुसरा कोणी तिला असं म्हणाला नसता.

केंद्रावर साहेबराव नावाचे राखणदार होते. रोजंदारीवर, पण केंद्र सुरू झाल्यापासून तेच. स्वयंपाक, झाडलोट, कंदील, सगळं त्यांच्याकडे. आणि पाणी त्यांची बायको भामाबाई भरायची. ती कुठल्याही हजेरीपटावर नव्हती. नवऱ्याच्या नोकरीतच ते धरलेलं होतं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी भामाबाईने ओट्यावर घागर उतरवली आणि पंचशीलाकडे निरखून बघितलं.

"कुणाची गं तू, माय?"

"उदगीरची. सोनकांबळे."

"मंजी आपलीच की! जयभीम."

"जयभीम, मावशी."

"इतकी शिकून राहिली?" भामाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. हात ओला होता आणि खरखरीत. "शिक माय, लई शिक."

त्या दिवसापासून भामाबाई तिच्यासाठी पदरात काही ना काही आणायची. भाजलेले हरभरे, कधी अर्धी भाकरी आणि ठेचा. विनीतालाही त्यातलं मिळायचं.

पाणी कुठून येतं हे कोणी विचारलं नव्हतं. ओट्याच्या कडेला एक रांजण आणि दोन टाक्या होत्या, त्या सकाळी भरलेल्या असायच्या. त्यातलं पाणी मुलं पीत, त्यानेच आंघोळी करीत, जाळी आणि बाटल्या धूत. डोहाचं पाणी मचूळ आणि घाण, त्याने काचेवर डाग पडतात म्हणून भांडी विहिरीच्या पाण्यात धुवायची असा नियम होता. पंचशीलाला पाण्याची सवय घरची. ती एका तांब्यात हातपाय धुवायची. मुलं तिला हसायची, तीही हसायची.

एका सकाळी ती भामाबाईबरोबर गेली. गावच्या विहिरीवर बौद्धवाड्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागायचा, आणि तोवर विहिरीत चिखल उरायचा. टँकर काळदऱ्याला लागू झाला नव्हता. जुन्या जिल्ह्याचे कागद नव्या जिल्ह्यात पोचले की होईल, असं गावात सांगत. म्हणून भामाबाई आणि तिची जाऊ सरजाबाई माळावरच्या एका पडक्या विहिरीवर जायच्या. ही विहीर तलावाच्या पलीकडच्या अंगाला होती. अर्ध्यापर्यंत पायऱ्या होत्या, पुढे नुसता मुरूम. मुरमात पाय ठेवायला खोबण्या केलेल्या. भामाबाई लुगड्याचा काचा मारून दोराला धरत खाली उतरायची. तळाशी एका कपारीतून पाणी पाझरायचं, ते ती वाटीने घागरीत भरायची. वर सरजाबाई दोराने घागर ओढून घ्यायची. एक घागर भरायला इतका वेळ लागायचा की वर बसलेल्या माणसाला वाटावं, खालचं माणूस झोपी गेलं.

पंचशीलाने वरून वाकून बघितलं. भामाबाईचा फक्त भांग दिसत होता.

परत येऊन तिने हे विनीताला सांगितलं. विनीता म्हणाली, "अगं बाई! आपण केवढं पाणी सांडतो!" त्या दिवशी विनीतानेही कमी पाणी वापरलं. पंचशीलाने मुलांनाही सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

सरांना मात्र ती बोलली नाही. सर चांगले बोलत होते, पीएच.डी.चं म्हणाले होते. मग बोलायला जमलं नाही, एवढंच.

कोर्स संपत आला तेव्हा बाहेरून परीक्षक येणार असं कळलं. बरोबर आणखी दोन-तीन मोठी माणसं. केंद्राला मान्यता मिळायची होती, पुढचं सगळं त्यावर होतं. सर सकाळपासून घाईत होते. प्रयोगशाळा पुसून घेतली, बाटल्या पुन्हा धुवायला लावल्या. दुपारपर्यंत दोन्ही टाक्या रिकाम्या झाल्या.

पंचशीला आणि विनीता ओट्यावर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होत्या. भामाबाई भिंतीच्या सावलीला टेकून बसली होती. सकाळच्या खेपा झाल्या होत्या. सर बाहेर आले.

"भामाबाई, पाहुणे यायचेत. पाणी लागेल अजून. टाकी भरून ठेवा."

"साहेब, आत्ता दुपारचं उतरणं व्हत न्हाई वो. लई दम लागतो. उतरत्या उन्हाला आणते की."

"ते चारला येतील. आल्या आल्या त्यांनी हातपाय कशाने धुवायचे? बघा कसं जमतं ते."

हे बोलताना सरांचा आवाज चढला नव्हता. ते आत गेले. भामाबाईने साहेबरावांकडे बघितलं. ते चुलीवर भात ठेवत होते, त्यांनी मान खाली घातली. भामाबाई उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घागर घेतली.

"मावशी, मी येते," पंचशीला म्हणाली.

"तू तुजं काम कर, माय. सरजी हाय की संगं."

पंचशीला पुन्हा खाली बसली. हातातली चिठ्ठी तिने बाटलीला लावली.

पुढचं तिला सरजाबाईकडून कळलं, आणि तेही फार वर्षांनी. त्या दुपारी कळलं ते इतकंच, की एक माणूस माळावरून हात हलवत पळत येतं आहे. ते म्हणालं, दरड कोसळली, भामी आत हाय.

सगळे धावले. साहेबराव सगळ्यांच्या पुढे. विहिरीच्या काठावर सरजाबाई पडली होती, तिच्या दोन्ही तळव्यांची सालटं निघून मांस दिसत होतं. दोर तिच्या हातांतून निसटून गेला होता. खाली तळाशी मुरमाचा आणि दगडांचा ढीग होता आणि त्यातून लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता.

साहेबराव उतरायला निघाले, त्यांना गावातल्या माणसांनी मागे ओढलं. मुरूम अजून सुटत होता. मग दोन पोरं कमरेला दोर बांधून उतरली. ढीग हाताने उपसायला लागली. उपसून मान मोकळी केली तेव्हा खालून एकाने वर बघून नुसतं डोकं हलवलं.

काठावर बसून साहेबरावांनी डोक्याचा पटका सोडला आणि तो हातात घेऊन बसले.

पोलिसांना कळवल्याशिवाय प्रेत काढू नका, असं गावच्या पाटलांनी सांगितलं. जीप निरोप घेऊन गेली. सगळ्यात आधी जवळच्या ठाण्याचा एक जमादार सायकलवर आला. त्याने विहिरीकडे बघितलं, तलावाकडे बघितलं आणि म्हणाला, "ही विहीर आमच्या हद्दीत येत नाही. पलीकडं नांदेड जिल्हा लागतो. त्यांना बोलवा." पलीकडच्या ठाण्याचा माणूस आला तर तो म्हणाला, "बाई कुठली? काळदऱ्याची? काळदरा लातूरला गेला. तिकडचं प्रकरण आहे हे." दोघं बांधावर उभं राहून बोलत राहिले. तोवर भामाबाई तशीच खाली होती. ऊन कलतं झालं. विनीता एका दगडाआड जाऊन ओकली. बौद्धवाड्यातल्या बायका काठावर येऊन बसल्या होत्या, त्यांच्यात पंचशीला जाऊन बसली.

शेवटी गावच्या तरुणांनी कोणालाही न विचारता तिला वर काढलं. जमादार बघत राहिला. सरजाबाईला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. परीक्षक आलेच नाहीत. रस्त्यात त्यांना निरोप मिळाला होता, ते तिथूनच वळले.

दिवस मावळायच्या सुमाराला सरांनी पंचशीलाला आणि विनीताला प्रयोगशाळेत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते उभेच होते.

"उद्या सकाळी नायब तहसीलदार येताहेत. तुम्हाला विचारतील. तुम्ही ओट्यावर होतात ना?"

"हो सर."

"भामाबाई पाण्याला गेली. बस. घरच्या पाण्याला गेली की कुठल्या, यात पडू नका. ती काही केंद्राची नोकर नव्हती." मग त्यांचा स्वर बदलला. "पंचशीला, केंद्रासाठी ती पाण्याला गेली असं निघालं, तर हे सगळं बंद होईल. मान्यता तर सोडाच. तुझं कामसुद्धा इथेच व्हायचंय."

पंचशीलाची नजर टेबलावरच्या काचेच्या भांड्यावर होती. भांडं धुवून ठेवलेलं होतं.

बाहेर आल्यावर विनीता तिचा हात धरून म्हणाली, "आपण खरं तेच सांगू. काही झालं तरी."

मग साहेबराव आले. भामाबाईला अजून माती दिलेली नव्हती, प्रेत घरापुढे ठेवलेलं होतं, आणि तो माणूस केंद्रावर आला होता.

"पोरी, साहेबानं मला सांगितलंय. मी उद्या सांगणार हाय, घरच्या पाण्याला गेली व्हती म्हून. तू काय बोलू नको."

"काका, तुमच्या समोर सर बोलले. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं की. ती गेली. आता माजी रोजी घालवती का? घरात दोन लेकरं हायेत. दुसरं काम कुठं हाय इथं?" त्यांनी हात जोडले. "तुज्या पाया पडतो."

बापाच्या वयाचा माणूस वाकायला लागलेला बघून ती मागे सरकली. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सकाळी नायब तहसीलदार ओट्यावर खुर्ची टाकून बसले. साहेबरावांनी सांगितलं, बायको घरच्या पाण्याला गेली होती, दरड कोसळली, कोणाचा दोष नाही. विनीताला विचारलं तेव्हा ती जमिनीकडे बघून म्हणाली, "मी आत होते. मला काही ऐकू आलं नाही." विनीताचे वडील पहाटेच नांदेडहून गाडी घेऊन आले होते, ते ओट्याच्या पायरीपाशी उभे होते.

मग पंचशीलाची पाळी आली. ती मला म्हणाली होती, "मी काही ठरवून गेले नव्हते. तोंड उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे."

"भामाबाई केंद्राच्या पाण्याला गेल्या," ती म्हणाली. "त्या नको म्हणत होत्या. दम लागतो म्हणाल्या. त्यांना पाठवलं."

"कोणी पाठवलं?"

"सरांनी."

नायब तहसीलदारांनी साहेबरावांकडे बघितलं. "नवरा तर वेगळं सांगतोय."

"सरजाबाईंना विचारा. त्या बरोबर होत्या."

"ती दवाखान्यात आहे. बघू." ते लिहीत होते ते थांबवून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तू काय शिकतेस, बाळ?"

"प्राणिशास्त्र."

"मग अभ्यास कर."

कोर्स त्याच दिवशी संपवला. जीपमध्ये बसताना तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. विनीता वडिलांच्या गाडीतून गेली. गाव ओलांडताना साहेबराव रस्त्याच्या कडेला उभे दिसले. डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. जीप जवळ आली तसे ते पाठ करून उभे राहिले.

चौकशीत अपघात ठरला. घरच्या पाण्याला गेलेली बाई दरड कोसळून मेली. भामाबाईच्या घरच्यांना काही मदत मिळावी म्हणून पंचशीला त्या पावसाळ्यात दोनदा लातूरला जाऊन आली. तिथे सांगितलं, विहीर नांदेड जिल्ह्यात आहे. नांदेडला सांगितलं, मयत लातूर जिल्ह्यातली आहे. तिसऱ्यांदा ग्यानोबा स्वतः तिच्याबरोबर गेले. एका टेबलापुढे ते खूप वेळ उभे राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "चल. हितं पोतं कुणीच उचलत न्हाई. एकमेकाच्या अंगावर टाकतेत नुसते."

कौठेकर सरांनी तिला नापास केलं नाही. उलट प्रात्यक्षिकात तिच्या वाट्याचे गुण तिला दिले. एम.एस्सी. झाल्यावर ती त्यांना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, या वर्षी माझ्याकडे जागा नाही. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. मग ती गेली नाही. बी.एड. केलं आणि उदगीरला नोकरी धरली.

केंद्र दोन वर्षांत तसंही बंद पडलं. पाऊस झाला, तलाव भरला, पण मान्यता आली नाही. साहेबरावांची रोजंदारी गेली. ते लेकरं घेऊन ऊसतोडीला गेले. गावात ते सांगत राहिले, उदगीरच्या त्या पोरीने केंद्र बुडवलं. हे पंचशीलाच्या कानावर यायचं. तिने एकदा त्यांची गाठ घ्यायचा प्रयत्न केला. घरापुढे ती उभी राहिली, त्यांनी आतून दार लावून घेतलं.

"मी बोलले त्याचा कुणाला उपयोग झाला?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, निदान खरं तरी बोललीस. ती म्हणाली, "तेवढं खरं कुणाच्या चुलीवर शिजतं गं?"

विनीता पुढे पुण्यात प्राध्यापक झाली. तिचं एकदा पत्र आलं होतं, लग्नाला ये म्हणून. पंचशीला गेली नाही. राग होता असं नाही. सुट्टी नव्हती, असं ती म्हणायची.

तिचं लग्न झालं, एक मुलगा झाला, नवरा वीज मंडळात होता. शाळेत ती कडक होती. मुलांना ती पाण्याविषयी काही शिकवायची असं कोणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. ती पेशी शिकवायची, पचनसंस्था शिकवायची, वेळेवर प्रश्नपत्रिका काढायची. सहल निघाली की मात्र ती यायची नाही. मुख्याध्यापकांनी किती सांगितलं तरी.

एका माघात, मोंढ्यात तूर यायच्या दिवसांत, शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी उभी राहिली. तिने शिपायाकडे सोनकांबळेबाईंची चौकशी केली. आम्ही दोघी बाहेर आलो. म्हातारीने हात जोडले तेव्हा मला तिचे तळवे दिसले. बोटं आत वळलेली होती, पूर्ण उघडत नव्हती.

"वळखलं न्हाई? मी सरजी. काळदऱ्याची."

पंचशीलाने तिला एका रिकाम्या वर्गात नेऊन बाकावर बसवलं. चहा आणला. सरजाबाईला कप धरता येत नव्हता, तिने तो दोन मनगटांत धरला. तूर घेऊन लेकाबरोबर आली होती, तो मोंढ्यात होता.

"त्या दिशी काय झालं ते तुला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "घागर निम्मी वर आली आन् खालून मुरूम सुटला. भामीनं घागरीचा दोर धरला. मी वडलं, माय. लई वडलं. ती खालून म्हणत व्हती, सरजे सोडू नको, सरजे सोडू नको. मंग हात फाटले." ती थांबली. "जाताना वाटंनं ती साहेबाला शिव्या देत गेली. म्हणली, पावन्याचे पाय धुवायला मला खाली उतरवतेत."

पंचशीलाने विचारलं, "मावशी, तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

सरजाबाईने तिच्याकडे बघितलं. तिला प्रश्नच कळला नसावा असं वाटलं.

"कुणी इचारलंच न्हाई की गं. मी पंधरवडाभर दवाखान्यात व्हते. आले तवा समदं मिटलं व्हतं. भाऊजी म्हणले, बोलू नको. मी न्हाई बोलले."

घंटा झाली. पंचशीलाने मला तिचा तास घ्यायला सांगितलं आणि ती सरजाबाईला घेऊन चालत स्टँडकडे गेली. तिचा लेक तिथेच येऊन थांबणार होता.

ती परत आली तेव्हा शाळा सुटली होती. मी विचारलं, "काय म्हणाली अजून?"

"काही नाही. जळकोटची गाडी लागलेली होती. जागा मिळाली तिला खिडकीपाशी."

दुसऱ्या दिवशी दहावीचा पहिला तास तिचाच होता. ती वेळेवर आली, हजेरी घेतली आणि फळ्यावर श्वसनसंस्थेची आकृती काढायला लागली.